दीड फेरा

चोक ओढला की उठतं.
चोक सोडला की मरतं.
मधे दहा सेकंद खाली-वर, खाली-वर,
जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखं.

प्लग काढून पाहिला. कोरडा.
ठिणगी निळी, टणक, म्हणजे विजेचं काही नाही.
टाकीत पेट्रोल आहे, ते खाली पोचत नाही
किंवा पोचतं तेवढं पुरत नाही.

मशीन भाऊंचं. मिल बंद झाली
तेव्हा क्लबाच्या सामानाचा लिलाव झाला.
कोणी बिलियर्डच्या टेबलावर बोली लावली, कोणी झुंबरावर,
यांनी गवत कापायच्या मशीनवर.
घरी आणलं तेव्हा आमच्याकडे गवताची काडी नव्हती.
लोकमान्य नगरातल्या दोन खोल्या आणि फरशी.
मग कॉलनीची बाग त्यांनी आपणहून अंगावर घेतली,
मशीनला काम हवं म्हणून.

सियागंजातल्या दुकानदारानं कार्बोरेटर उलटसुलट केला.
"दीदी, इसका किट अब भगवान के पास,"
म्हणाला, आणि तरी शिडी चढून
एक गॅस्केट शोधून आणलं.
कडेला जरासं फाटलेलं. वीस रुपये.

भाऊ ओट्यावर, खुर्चीत.
उजवा हात मांडीवर ठेवलेला,
म्हणजे मी ठेवलेला.
ऑगस्टपासून त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय,
मंगळवार.
चहा हवा, मंगळवार. नको, मंगळवार.
पाय दुखतो, पंखा बंद कर, ही कोण आली,
मंगळवार, मंगळवार.
स्पीच थेरपीवाली मुलगी म्हणते, असं होतं.
हाच शब्द का, ते तिलाही माहीत नाही.

चार बोल्ट, एक क्लिप. खालची वाटी उघडली.
तळाशी मधासारखा डिंक
आणि पेट्रोलखाली लोळणारा पाण्याचा एक मणी.
हल्लीच्या पेट्रोलला पाणी सुटतं.
आठ महिने टाकी तशीच भरलेली.
रिकामी करून ठेवायला हवी होती,
हे मला सांगितलं असतं
तर त्यांनीच.

फ्लोटची पिन जीरावनच्या डबीच्या झाकणात ठेवली.
जेट उजेडात धरला. आरपार काही दिसेना.
सुई उचलली,
तर खुर्चीतून गर्जना. मंगळवार!
सुई ठेवली.
डाव्या हातानं ते हवेत काहीतरी सोलत होते,
पुन्हा पुन्हा सोलत होते, माझ्यावर चिडत.
केळं? लसूण?
वायर.
जुन्या इस्त्रीच्या वायरीतला तांब्याचा एक केस.
मऊ असतो, भोक मोठं करत नाही.

तिसऱ्या खेपेला जेटमधून आकाश दिसलं.
मोहरीएवढंही नाही, पण निळं.

वाटी बसवली. गॅस्केटची फाटकी बाजू वर घेतली.
मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत,
मग बाहेर किती?
त्यांनी एक बोट दाखवलं.
मग तेच बोट अर्धं दुमडलं.

चार वेळा दोरी ओढली. काही नाही.
पाचव्यांदा उठलं. मी चोक सोडला
आणि मेलं नाही.
अजून खाली-वर होतं थोडं.
भाऊंनी मान कलती केली, पंजा जरासा फिरवला,
मी स्क्रू जरासा फिरवला.
आवाज एका जागी येऊन बसला.
त्यांनी डोळे मिटले.
मशीनकडे नाही, माझ्याकडे नाही,
ते कुठे बघत होते कोण जाणे.

बागेत दीड पट्टा कापून झाला
आणि पेट्रोल संपलं. मी पाव लिटरच घातलं होतं,
चालेल याची खात्री नव्हती.
पुसाळकर काकू फेऱ्या मारता मारता थांबल्या
आणि जुन्या सवयीनं, मला नाही, त्यांनाच विचारलं,
"भाऊ, बाकीचं कधी?"

"मंगळवार."

"बरं," म्हणाल्या, आणि पुढच्या फेरीला लागल्या.